मंदी संपली, पण कुणाची?

अमेरिकेतली मंदी जून २००९ मध्येच संपली, असं तिथल्या अर्थपंडितांनी २०१० मध्ये जाहीर केलं. मी विचारतो, कुणाची संपली? ऑक्टोबर २००९ मध्ये तिथं शंभरातले १० जण बेकार होते. मार्च २०१० मध्ये काळ्यांत हाच आकडा १६ च्या वर. त्या वर्षी नॉर्थ डाकोटात ४ च्या आसपास, नेवाडात १३ च्या वर. मग देशाची सरासरी म्हणजे काय? एक ताट भरलेलं, एक रिकामं, अन् हे म्हणणार, दोघंही अर्धपोट जेवले!

ह्या मंदीचं मूळ घरात. १९३० नंतर सरकारी नकाशांत काळ्यांच्या वस्त्या लाल रंगवल्या. लाल म्हणजे कर्ज नाही. गावकुसाबाहेर वाढलेल्याला हा नकाशा समजावून सांगावा लागत नाही. २००० नंतर त्याच वस्त्यांत दलाल फिरले अन् चढ्या व्याजाची कर्जं गळ्यात मारली. आधी कर्ज नाकारून नाडलं, मग कर्ज देऊन.

सप्टेंबर २००८ मध्ये लेहमन ब्रदर्स बुडाली. महिन्याच्या आत बँका वाचवायला ७०,००० कोटी डॉलर मंजूर! घरं मात्र लाखांनी जप्त झाली. १९६६ मध्ये जिथं ब्लॅक पँथर जन्मली, त्या ओकलंडमध्येसुद्धा.

म्हणून भावांनो, अर्थव्यवस्था सावरतेय असं सांगणाऱ्याला आधी वस्तीत आणा. ज्याच्या दाराला बँकेचं कुलूप लागलं, त्याच्यासमोर उभा करा. तो 'सावरलो' म्हणेल, त्या दिवशी मंदी संपली. तोवर ही आकड्यांची लबाडी आहे.