लिफ्टचे तेल गळते तेव्हा

मे महिना सरत आला की ट्रॅक्टर असलेल्या घरांतून एकच तक्रार ऐकू येते: लिफ्ट नीट उचलत नाही, आणि उचललीच तर तेल गळते. ट्रॅक्टर वीस-पंचवीस वर्षांचा, बहुधा दुसऱ्याच्या हातून आलेला. वर्षभर त्याच्या मागच्या अंगाकडे कुणी पाहिलेले नसते. पेरणी तोंडावर आली म्हणजे मिस्त्रीला दहा ठिकाणांहून बोलावणे असते आणि तो "उद्या येतो" म्हणतो. मग घरातला विशीतला मुलगा विचारतो, "अब्बा, मीच बघू का?"

बघू द्यावे, असे आमचे मत आहे. वर्गात आम्ही पास्कलचा नियम शिकवतो: बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सगळीकडे सारखा पोहोचतो. मुले तो पाठ करतात, गुणही मिळवतात. तोच नियम दारात उभ्या ट्रॅक्टरमध्ये रोज नांगर उचलत असतो. इंजिन पंप फिरवते, पंप तेल ढकलतो, ते तेल सिलिंडरमधल्या पिस्टनला रेटते आणि पिस्टन मागचे दोन हात वर करतो. एवढाच मामला आहे.

ही लिफ्ट आपल्या शेतापर्यंत आली ती हॅरी फर्ग्युसन या आयरिश माणसाच्या डोक्यातून. त्याआधी अवजार ट्रॅक्टरच्या मागे नुसते ओढले जाई. फर्ग्युसनने ते तीन बिंदूंना जोडून तेलाच्या दाबावर तोलले. त्याचा छोटा करडा ट्रॅक्टर १९४६ पासून इंग्लंडात कॉव्हेंट्रीला तयार होऊ लागला. पुढे त्याच घराण्याचे ट्रॅक्टर आपल्याकडे बनवणारी कंपनी १९६० साली मद्रासला उभी राहिली. या घराण्याच्या जुन्या मॉडेलांत पंप बाहेर दिसत नाही, तो मागच्या हाउसिंगमध्ये तेलात बुडालेला असतो, आणि गिअरचे तेल अन् लिफ्टचे तेल एकच असते. काही कंपन्यांच्या ट्रॅक्टरांत मात्र पंप बाहेरच्या बाजूला असतो. म्हणून शेजाऱ्याने काय केले ते ऐकण्याआधी आपल्या मॉडेलचे पुस्तक शोधावे. ते पेटीत कुठेतरी कागदपत्रांखाली असतेच.

आता गळतीकडे वळू. गळती दोन प्रकारची. एक बाहेरची, जी अंगणात डाग पाडते आणि जिच्यावरून घरातल्या भाभी सगळ्यांत आधी ओरडतात. दुसरी आतली, जिचा थेंबही जमिनीवर पडत नाही. ती ओळखायची तर मोकळ्या जागेत अवजार उचलून इंजिन बंद करावे, सगळ्यांनी लांब उभे राहावे आणि घड्याळ पाहावे. बाहेर सगळे कोरडे आणि तरी अवजार बघता बघता खाली बसत असेल, तर तेल पिस्टनच्या सीलमधून किंवा व्हॉल्व्हमधून आतल्या आत परतत आहे. हे काम शिकाऊ माणसाचे नाही. त्यासाठी लिफ्टचे वरचे जड झाकण साखळी-कप्पीने उचलावे लागते. बाहेरची गळती मात्र बरेचदा घरी थांबवता येते.

ती शोधण्यात निम्मे काम धुण्याचे आहे. जुन्या ट्रॅक्टरच्या मागे तेल आणि धूळ मिळून बोटभर जाडीचा थर बसतो. त्या थरावर पाना लावणे म्हणजे अंधारात सुई ओवणे. आधी खरवडावे, मग ब्रश आणि थोड्या डिझेलने धुवावे (जवळ विडी-काडी नको), मग साबणाच्या पाण्याने, आणि कडक उन्हात वाळू द्यावे. नंतर शंका असलेल्या जोडांवर खडूची भुकटी भुरभुरावी. आमच्याकडे खडूच्या तुकड्यांना तोटा नाही, पण टाल्कम पावडरही चालते. ट्रॅक्टर सुरू करून लिफ्ट चार-सहा वेळा वर-खाली केली, मग इंजिन बंद करून पाहिले, की पांढऱ्या भुकटीवर एक काळसर रेघ उमटलेली दिसते. ती जिथून सुरू होते तिथे गळती. थेंब पडतो ती जागा फसवी असते, कारण तेल उतरत उतरत येते आणि सर्वांत खालच्या बोल्टाला लटकते. ओलाव्याचे सर्वांत वरचे टोक शोधावे.

इथे थांबून एक गोष्ट ठासून सांगायची आहे, आणि हा अंक मुलाच्या हाती द्यायचा तो मुख्यतः हिच्यासाठी. चालू ट्रॅक्टरच्या पाइपवरून बोट फिरवून गळती शोधायची नाही. मोटारीच्या टायरमध्ये दर चौरस इंचाला ३०-३५ पौंड दाब असतो. लिफ्ट जोर लावते तेव्हा तेलाचा दाब २,००० पौंडांच्या घरात किंवा त्याहून वर जातो. होजला सुईच्या टोकाएवढे भोक असेल तर त्यातून निघणारी धार डोळ्यांना दिसतही नाही, पण ती कातडीतून आत शिरते. आमच्या भाच्याने असाच हात पुढे केला होता. आमच्या चुलतभावाने मनगट धरून मागे खेचला, तेव्हा तो म्हणाला, "चाचा, एवढंसं तर तेल आहे!" एवढेसेच पुरते. सुरुवातीला टाचणी टोचल्यासारखी खूण दिसते, फारसे दुखतही नाही, म्हणून माणूस घरी बसतो. काही तासांत बोट सुजते, आतले मांस मरू लागते आणि उशीर झाला तर बोट किंवा हात कापण्याची वेळ येते. असे झाले तर हळद, चुना, लेप काही न लावता त्याच घटकेला शस्त्रक्रियेची सोय असलेल्या दवाखान्यात जावे आणि "दाबाचे तेल कातडीत शिरले आहे" हे शब्द डॉक्टरांना आधी सांगावेत. नुसती जखम पाहून कुणालाही ती किरकोळ वाटेल. गळती शोधायला लांब काठीला बांधलेला पुठ्ठा पुरतो. धार पुठ्ठ्यावर डाग पाडते. डोळ्यांवर चष्मा हवा.

दुसरी एहतियात वजनाची. पाना हातात घेण्याआधी अवजार जमिनीवर टेकवावे, इंजिन बंद करावे, चावी खिशात ठेवावी आणि लिफ्टचा दांडा काही वेळा वर-खाली करून उरलेला दाब सोडावा. उचललेल्या अवजाराखाली किंवा ट्रॉलीच्या उभ्या डाल्याखाली कुणी शिरायचे नाही. तेवढे वजन फक्त तेलावर तोललेले असते आणि आपण त्या तेलाचीच वाट मोकळी करायला निघालेलो असतो. लहान मुलांना त्या दिवशी दुसरीकडे खेळू द्यावे.

आता प्रत्यक्ष काम. बाहेरची गळती बहुधा तीन ठिकाणी सापडते: ट्रॉलीच्या होजवर किंवा तिच्या जोडावर, पाइपच्या बँजो बोल्टाशी, नाहीतर लिफ्टच्या आडव्या शाफ्टच्या टोकांना. होज फुगली किंवा चिरली असेल तर ती बदलावी. सायकलच्या ट्यूबची पट्टी आणि तार गुंडाळून चालवणे हा आपल्याकडचा आवडता इलाज आहे, आणि वर सांगितलेली धार नेमकी अशाच ठिकाणाहून निघते. बँजो बोल्टाला दोन तांब्याचे वॉशर असतात, एक पाइपच्या वर, एक खाली. ते दबून कडक होतात. नवीन जोडीला फारसे पैसे लागत नाहीत, तेव्हा जुनेच उलटे करून बसवण्यात शहाणपण नाही. गळती थांबेना म्हणून बोल्ट आवळत राहू नये. बिडाच्या हाउसिंगचे आटे गेले तर वॉशरचे काम वेल्डरकडे जाते.

ओ-रिंगचे माप जुन्या रिंगवरून घेणे धोक्याचे, कारण ती तेलात फुगलेली किंवा चपटी झालेली असते. दुकानात ट्रॅक्टरचे मॉडेल आणि पार्ट नंबर सांगावा आणि तेलात टिकणारी नायट्राइल रबराची रिंग मागावी. बसवताना तिला तेच तेल चोळावे, खाच पुसून घ्यावी, पिळ पडू देऊ नये. वर गॅस्केटची पेस्ट थापण्याचा मोह होतो. ती पेस्ट सुटून व्हॉल्व्हमध्ये गेली की लिफ्ट अडते. पुसायला धागे सुटणारा कॉटन वेस्ट नको, त्यापेक्षा धुतलेली जुनी सुती लुंगी बरी. उघड्या पाइपांच्या तोंडांना स्वच्छ प्लास्टिक बांधावे. प्रत्येक भाग काढण्याआधी मोबाईलवर फोटो घ्यावा. आमच्या पिढीला हे सुख नव्हते.

जोडणी झाली की पुस्तकात लिहिलेलेच तेल भरावे, लिफ्ट काही वेळा रिकामी वर-खाली करून आतली हवा जाऊ द्यावी, हात खाली ठेवून पुन्हा पातळी पाहावी. तेल दुधासारखे दिसले तर आत पाणी गेले आहे. उघड्यावर पावसात भिजणाऱ्या ट्रॅक्टरांत हे होते. तेव्हा सगळे तेल बदलावे लागेल. निघालेले तेल झाकणाच्या डब्यात ठेवून जुने तेल घेणाऱ्याला द्यावे. विहिरीच्या काठी किंवा नालीत ओतू नये, गवत मारायला तर मुळीच वापरू नये.

एवढे करूनही गळती राहिली, तर मिस्त्री आल्यावर मुलाने चार वाक्ये सांगावीत: गळती वरून कुठून सुरू होते, अवजार किती मिनिटांत खाली बसते, तेलाचा रंग कसा आहे आणि कोणते वॉशर बदलले. मग त्याच्या शेजारी उभे राहून तो काय उघडतो ते पाहावे.