वाचकाच्या साक्षीचे मोल

मराठी कादंबरीविषयी गंभीरपणे बोलायचे म्हणजे प्रथम तिचा खण ठरवायचा, अशी रीत आपल्या अध्यापनात आणि चर्चासत्रांत रुळली आहे. ‘रणांगण’ युद्धविषयक, ‘बनगरवाडी’ प्रादेशिक. ‘कोसला’ अस्तित्ववादी की देशीवादी, हा वाद तर कित्येक दशके चालला. विद्यार्थी उत्तरपत्रिकेत ते खण तेवढे बिनचूक लिहितो, कारण गुण त्यांना असतात. कादंबरी वाचताना त्याचे स्वतःचे काय झाले, हे त्याला कुणी विचारत नाही आणि तोही ते सांगायला संकोचतो. समीक्षेच्या दारात वाचकाने आपला अनुभव चपलांसारखा काढून ठेवावा, अशी ही अपेक्षा आम्हांला मान्य नाही. वाचकाची साक्ष हा समीक्षेचा पहिला पुरावा आहे. तो तपासावा, उलटतपासणीही घ्यावी. पण तो नोंदवलाच नाही, तर पुढचा सारा निवाडा ऐकीव माहितीवर उभा राहतो.

विश्राम बेडेकरांची ‘रणांगण’ 1939 साली प्रसिद्ध झाली. तिच्यात रणभूमी नाही. आहे ती युरोपातून पूर्वेकडे निघालेली एक बोट, हिटलरच्या जर्मनीतून परागंदा झालेले ज्यू प्रवासी, आणि चक्रधर विध्वंस व हॅर्टा यांचे काही दिवसांचे प्रेम. या प्रेमाची शोकांतिका आणि युद्धाची चाहूल यांवर पुष्कळ लिहिले गेले आहे. पुन्हा वाचताना आम्हांला मात्र वेगळीच गोष्ट टोचत राहिली. चक्रधरला मुंबई बंदरात उतरता येते. परतंत्र देशाचा का होईना, पण त्याला किनारा आहे. हॅर्टाला तो नाही. दोघांमधले अंतर मनांचे, संस्कारांचे, चक्रधरच्या जुन्या प्रेमभंगाचे आहेच. पण त्याआधी ते उतरण्याच्या हक्काचे आहे. निर्वासितांच्या बोटी बंदराबंदरांवरून परत फिरवल्या जाण्याच्या बातम्या आपण आजही वाचतो, म्हणून हे आम्हांला जाणवले असेल. पण जाणवले ते संहितेत आहे; आम्ही ते बाहेरून आणून चिकटवलेले नाही. चांगल्या ठशाची ओळख हीच, की तो वाचकाच्या काळातून येतो आणि कादंबरीत परत जाऊन बसतो.

व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’चे (1955) उदाहरण आम्हां शिक्षकांना अधिक जवळचे. औंध संस्थानातल्या माणदेशी धनगरवस्तीवर एक कोवळा मास्तर येतो. कारभारी, आयबू, आनंदा रामोशी ही माणसे वाचकांना एवढी प्रिय झाली, की ही व्यक्तिचित्रांची कादंबरी, असे आपण सहज म्हणून जातो. तरुणपणी आम्हांलाही तीच माणसे दिसली. चाळिशी ओलांडल्यावर दिसतो तो मास्तर. तो खटपट करून वस्तीवर तालीम उभी करतो. ती पाहायला खुद्द राजा येतो. त्यानंतर दुष्काळ पडतो, मेंढरे मरतात, माणसे जगायला बाहेर पडतात आणि वस्ती ओस पडते. मास्तरच्या कामाला निसर्गाने निकाल दिलेला नाही. निसर्गाने त्याची दखलच घेतलेली नाही. माडगूळकर इथे आवाज चढवत नाहीत, मास्तरला भाषणही देत नाहीत. ‘प्रादेशिक’ या शब्दाने बोली, वेश, रीतिभाती कळतात. शिकवण्याच्या व्यवसायातली ही मुकी हतबलता त्या शब्दात कुठे मावते?

‘कोसला’ (1963) विशीत वाचणारा स्वतः पांडुरंग सांगवीकर होतो. वसतिगृह, मेस, गॅदरिंग, नापास होणे यांतली थट्टा त्याची स्वतःची असते. पुढे तीच कादंबरी वाचताना पैसे पाठवणारा बाप डोळ्यांसमोर येऊ लागतो. त्या बापाचा व्यवहारीपणा, जाच आणि मुलावरची आशा यांचा हिशेब विशीत लागत नाही. मनीच्या मृत्यूचा भाग मात्र कुठल्याही वयात तसाच अंगावर येतो. तोवर प्रत्येक गोष्ट उडवून लावणारी निवेदकाची भाषा तिथे स्वतःच्या दुःखापुढे अपुरी पडते. अस्तित्ववाद की देशीवाद, या वादात घालवलेल्या तासांपैकी एक तास जरी वर्गात ती पाने मोठ्याने वाचण्यात गेला असता, तरी नेमाड्यांच्या भाषेविषयी विद्यार्थ्यांना अधिक कळले असते, असे आमचे मत आहे.

यावर ठरलेला आक्षेप येईल: हा तर आस्वादकपणा झाला; प्रत्येकाचा ठसा निराळा, मग शिस्त कोणती? शिस्त आहे. ‘आवडली’ किंवा ‘कंटाळवाणी वाटली’ ही साक्ष नव्हे, तो नुसता शेरा झाला. कोणत्या पानावर, कोणत्या वाक्यरचनेमुळे, कोणत्या मौनामुळे असे वाटले, हे दाखवता आले तरच ती साक्ष. उद्धव शेळके यांच्या ‘धग’मधली (1960) वऱ्हाडी बोली पुण्यामुंबईच्या वाचकाला अडखळवते, वऱ्हाडातल्या वाचकाला कौतिकच्या बोलण्यात घरातल्या बाईचा आवाज ऐकू येतो. हे दोन अनुभव परस्परांना खोडत नाहीत. ते शेजारी शेजारी ठेवले, की एकाच संवादात किती परी आहेत ते समजते, आणि ‘प्रमाण वाचक’ नावाचा कुणी नसतो हेही.

सिद्धान्तांशी आमचे वैर नाही. देशीवादाने, दलित आणि स्त्रीवादी समीक्षेने आपल्याला न दिसलेले कितीतरी दाखवले, हे कृतज्ञतेने मान्य करायला हवे. त्या दृष्टी मुळात कुणाच्या तरी दुखऱ्या वाचनानुभवातूनच जन्मल्या. प्रस्थापित कादंबरीत आपण नाही, किंवा आहोत ते असे, हे कुणाला तरी आधी खुपले आणि सिद्धान्त नंतर आला. आपण वर्गात हा क्रम उलटा करतो. तो सुलटा करण्यासाठी अभ्यासक्रम बदलण्याची वाट पाहायचे कारण नाही. कादंबरीचा प्रकार कोणता, हा प्रश्न शेवटच्या तासाला ठेवावा. पहिल्या तासाला विचारावे की पुस्तक मिटल्यावर काय उरले, आणि ते कोणत्या पानामुळे.