अपडेटनंतरचा फोन कोणाचा?

सॉफ्टवेअर बदलल्यावर फोनची कामगिरी घसरली, ही तक्रार आपल्याकडे एरवी दुरुस्तीच्या दुकानापर्यंत आणि फार तर कंपनीच्या सेवा केंद्रापर्यंत जाते. तिथे 'रिसेट करून पाहा' हा सल्ला मिळाला की ती संपते. २३ जानेवारी २०२५ रोजी मात्र ती थेट केंद्र सरकारच्या नोटिशीत जाऊन बसली. आयओएस १८ व त्यापुढील आवृत्त्या टाकल्यानंतर आयफोनच्या कामगिरीत अडचणी येत असल्याच्या तक्रारी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनकडे आल्या असून, त्यांची छाननी करून केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणामार्फत अ‍ॅपलकडे उत्तर मागण्यात आले आहे, असे केंद्रीय ग्राहक व्यवहार मंत्री प्रल्हाद जोशी यांनी जाहीर केले. त्याच दिवशी ओला आणि उबर या कंपन्यांनाही, फोन पाहून भाडे वेगवेगळे आकारले जाते काय, याबद्दल नोटिसा गेल्या. साहजिकच चर्चा झाली ती टॅक्सीच्या भाड्याची. अपडेटची नोटीस बाजूला पडली.

वास्तविक या दोहोंत अधिक दूरगामी नोटीस दुसरी होती. टॅक्सी नको असेल तर रिक्षा करता येते. फोन खिशातच असतो आणि विकत घेतल्यानंतरही तो कंपनीच्या हाती राहतो. रात्री चार्जिंगला लावलेला फोन सकाळी वेगळ्या स्वभावाचा होऊन हाती येऊ शकतो, आणि त्याला संमती म्हणून आपण एका बटणावर बोट टेकवलेले असते. कित्येकदा तेवढेही नसते.

हा प्रश्न कोणाला किती बोचतो, हे पाहायचे तर मुंबईच्या उत्तर टोकाकडे जावे. विरार पश्चिमेकडील बोळिंज हे एकेकाळचे वाड्या-विहिरींचे गाव आज म्हाडाच्या मोठ्या गृहप्रकल्पाने आणि त्याभोवतीच्या खासगी इमारतींनी ओळखले जाते. परवडणाऱ्या घरासाठी लोक इतक्या दूर गेले आणि नोकरी मुंबईतच राहिली. बोळिंजहून रिक्षाने विरार स्थानक, तिथून चर्चगेटपर्यंत सुमारे ६० किलोमीटरचा लोकलप्रवास आणि संध्याकाळी तोच उलटा, हा तिथल्या नोकरदाराचा दिवस. या दिवसात फोन हा करमणुकीचा विषय उरलेला नाही. रिक्षाचे पैसे त्यावरून दिले जातात, कचेरीतली हजेरी त्यावर लागते, मुलांच्या शाळेचा निरोप त्यावर येतो. मोबाइलवर काढलेले लोकलचे तिकीट वा पास तपासनीसाला दाखवता आला नाही, तर रेल्वेच्या लेखी तो प्रवासी विनातिकीटच ठरतो. बॅटरी संपली हे कारण तिथे चालत नाही. सकाळी सातला घर सोडणाऱ्याच्या फोनची बॅटरी रात्री नऊऐवजी दुपारी चारला संपू लागली, तर ती केवळ 'गैरसोय' म्हणता येणार नाही.

त्यातून हा प्रवास बॅटरीची परीक्षा पाहणारा आहे. धावत्या गाडीत फोनला एका मनोऱ्याचा हात सोडून दुसऱ्याचा धरावा लागतो, आणि ६० किलोमीटरांत हे असंख्य वेळा घडते. मनोरा दूर असेल, मध्ये वसईची खाडी असेल वा डब्यात माणसे दाटीवाटीने उभी असतील, तर फोन आपले म्हणणे मनोऱ्यापर्यंत पोचवण्यासाठी अधिक जोराने प्रक्षेपण करतो. जोर वाढला की वीज अधिक लागते. पोलाद आणि काँक्रीट भरलेल्या उंच इमारतींच्या आतल्या खोलीतही तेच घडते. सिग्नल आणि बॅटरी या आपण दोन वेगळ्या तक्रारी समजतो. पुष्कळदा ती एकच तक्रार असते.

आता यात अपडेटचा संबंध कोठे येतो? फोनमध्ये मनोऱ्याशी बोलणारी एक स्वतंत्र चिप असते, मोडेम म्हणतात ती. तिचेही स्वतःचे सॉफ्टवेअर असते आणि मोठ्या अपडेटसोबत तेही अनेकदा बदलते. कोणत्या मनोऱ्याला कधी धरायचे, फोर-जी सोडून फाइव्ह-जीकडे कधी वळायचे, हे निर्णय ते घेते. मनोरा तोच, फोन तोच, सिमकार्ड तेच. तरी निर्णयाचे नियम बदलले की अनुभव बदलतो. याचा पुरावा भारतातच मिळाला. १ ऑक्टोबर २०२२ रोजी देशात फाइव्ह-जी सेवेचे उद्घाटन झाले तेव्हा लाखो ग्राहकांच्या हाती फाइव्ह-जीला लायक फोन आधीपासून होते, पण त्यांवर ती सेवा मिळत नव्हती. सरकारने फोन कंपन्यांना अपडेट लवकर देण्यास सांगितले. आयफोनधारकांना ती डिसेंबर २०२२ मधील आयओएस १६.२ नंतर मिळाली. सॉफ्टवेअरच्या जोरावर जी गोष्ट रातोरात सुरू होऊ शकते, ती त्याच मार्गाने बिघडूही शकते. सप्टेंबर २०१४ मध्ये आयओएस ८.०.१ टाकलेल्या आयफोन ६ मालिकेतील काही फोनांचे मोबाइल जाळेच नाहीसे झाले होते. ते अपडेट तासाभरात मागे घ्यावे लागले.

पडद्यावरच्या सिग्नलच्या दांड्यांची गोष्ट तर याहून मासलेवाईक आहे. २०१० मध्ये आयफोन ४ विशिष्ट पद्धतीने हातात धरला की सिग्नल ढासळतो, असा गहजब उडाला. तेव्हा अ‍ॅपलने केलेला खुलासा असा, की दांड्या किती दाखवायच्या याचे गणितच मुळात चुकलेले होते आणि काही वेळा दोन दाखवायच्या तिथे चार दाखवल्या जात होत्या. त्या वर्षी जुलैमध्ये आलेल्या आयओएस ४.०.१ ने हे गणित सुधारले. म्हणजे जी खूण पाहून आपण 'आज रेंज आहे' किंवा 'नाही' म्हणतो, ती खूणसुद्धा सॉफ्टवेअरच्या मर्जीवर असते. ग्राहकाने तक्रार करायची ती कशाच्या आधारावर?

बॅटरीच्या बाबतीत जगाने धडा घेतला तो २०१७ मध्ये. लिथियम-आयन बॅटरी जुनी झाली की तिचा अंतर्गत रोध वाढतो. प्रोसेसरने एकाएकी जास्त वीज मागितली की तिचा दाब खाली येतो आणि फोन बंद पडतो. आयफोन ६ आणि ६ एसच्या काळात असे फोन बंद पडू लागले. अ‍ॅपलने जानेवारी २०१७ मध्ये आलेल्या आयओएस १०.२.१ मधून त्यावर उपाय केला: बॅटरी थकलेली असेल तर प्रोसेसरचा कमाल वेगच कमी करायचा. तांत्रिकदृष्ट्या उपाय वावगा नव्हता. बंद पडणाऱ्या फोनपेक्षा संथ फोन बरा, असे बहुतेकांनी म्हटले असते. पण हे कोणाला स्पष्टपणे सांगितलेच गेले नाही. फोन मंदावला म्हणून लोक नवा घेत राहिले, वास्तविक नवी बॅटरी टाकली असती तरी भागले असते. डिसेंबर २०१७ मध्ये गीकबेंच या मोजणी साधनाचे जनक जॉन पूल यांनी आकडेवारी मांडली, तेव्हा बिंग फुटले. महिनाअखेरीस अ‍ॅपलने माफी मागितली आणि बॅटरी बदलण्याचा दर कमी केला. भारतात तो साडेसहा हजारांवरून दोन हजार रुपयांवर आला. बॅटरीची प्रकृती दाखवणारे पान फोनमध्ये आले ते त्यानंतर, मार्च २०१८ मध्ये.

पुढे जे झाले त्यातला तपशील आपल्या कामाचा आहे. अमेरिकेत अ‍ॅपलने २०२० मध्ये ग्राहकांशी ५० कोटी डॉलरपर्यंतची तडजोड केली. गैरकृत्याची कबुली मात्र दिली नाही. फ्रान्सने त्याच वर्षी अडीच कोटी युरोचा दंड वसूल केला, आणि तो फोन संथ केल्याबद्दल नव्हता. अपडेटमुळे फोन संथ होऊ शकतो हे ग्राहकाला न सांगितल्याबद्दल होता. इटलीने त्याआधी, ऑक्टोबर २०१८ मध्ये, अ‍ॅपलला एक कोटी आणि सॅमसंगला ५० लाख युरोचा दंड ठोठावला. सॅमसंगवरील ठपका असा होता, की नोट ७ साठी घडवलेले सॉफ्टवेअर तिने जुन्या नोट ४ च्या मालकांना घ्यायला लावले. तेव्हा हा एका कंपनीचा स्वभावदोष आहे असे समजण्याचे कारण नाही. गुगलनेही २०२५ मध्ये पिक्सेल ६ए साठी सक्तीचे अपडेट आणले. ४०० वेळा चार्ज होऊन गेलेल्या बॅटरीची क्षमता आणि चार्जिंगचा वेग त्याने कमी केला, कारण बॅटरी तापण्याचा धोका होता. फरक इतकाच, की गुगलने हे आधी सांगितले आणि बॅटरी फुकट बदलून देण्याची वा भरपाईची सोय ठेवली. २०१७ ते २०२५ या काळात झालेली प्रगती ती एवढी.

कंपन्यांची बाजू अगदीच पोकळ नाही, हेही नमूद करायला हवे. मोठे अपडेट टाकल्यावर फोन एक-दोन दिवस आतल्या आत राबत असतो. छायाचित्रांची नव्याने सूची करतो, अ‍ॅप नव्या आवृत्तीशी जुळवून घेतो. त्या काळात बॅटरी लवकर उतरणे आणि फोन तापणे स्वाभाविक आहे. तक्रारींपैकी बराच भाग या दोन दिवसांतला असतो. शिवाय अपडेट नाकारणे हा शहाणपणाचा मार्ग नव्हे. सुरक्षेतील छिद्रे त्यातूनच बुजवली जातात आणि ज्या फोनवर बँकेचे खाते आहे तो जुन्या सॉफ्टवेअरवर ठेवणे म्हणजे दाराला कुलूप न लावणे. जुन्या आवृत्त्यांना अ‍ॅपही वाऱ्यावर सोडतात. मे २०२५ पासून आयओएस १५.१ पूर्वीच्या आयफोनवर व्हॉट्सअ‍ॅप चालेनासे झाले. थोडक्यात, ग्राहकाला अपडेट टाळता येत नाही, आणि टाकल्यावर अनेकदा परतही फिरता येत नाही. आयफोनच्या जुन्या आवृत्तीला मान्यता देणे अ‍ॅपल काही काळाने थांबवते. मग मागचा रस्ता बंद. फ्रान्समधील दंडामागेही हे एक कारण होते.

खरी अडचण आहे ती पुराव्याची. दोष फोनचा की जाळ्याचा, हे बोळिंजच्या ग्राहकाने ठरवायचे कसे? फोन कंपनी म्हणते, सेवा पुरवठादाराला विचारा. पुरवठादार म्हणतो, फोन तपासून घ्या. दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या २०२४ च्या नियमांनुसार पुरवठादारांना आपल्या जाळ्याचे नकाशे संकेतस्थळावर प्रसिद्ध करावे लागतात. निदान आपल्या घराच्या जागी कागदोपत्री सिग्नल आहे की नाही, हे त्यावरून कळते. फोन कंपन्यांवर मात्र असे कोणतेही बंधन नाही. अपडेटपूर्वी आणि अपडेटनंतर बॅटरी किती तास टिकली, किती वेळा जाळे सुटले, ही नोंद फोनलाच सर्वांत नेमकी ठेवता येते. ती मालकासमोर नीट ठेवायला मात्र कोणी तयार नाही.

आपला २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा या ठिकाणी उपयोगी पडू शकतो. सेवेतील 'त्रुटी'च्या व्याख्येत संबंधित माहिती हेतुपुरस्सर दडवणे याचाही समावेश त्यात आहे, आणि फ्रान्सने जो मुद्दा पकडला तो नेमका हाच. कंपन्या म्हणतील की अपडेट मोफत आहे, आणि मोफत दिलेली सेवा कायद्याच्या व्याख्येत बसत नाही. हा युक्तिवाद वरवर बिनतोड दिसतो. परंतु ऑक्टोबर २०२३ मध्ये गुगलने पिक्सेल ८ साठी आणि जानेवारी २०२४ मध्ये सॅमसंगने गॅलॅक्सी एस २४ साठी सात वर्षे अपडेट देण्याचे आश्वासन दिले ते फोन विकण्यासाठीच. जे फोनच्या किमतीत धरून विकले, ते पुढे मोफत कसे म्हणता येईल? जाहिरातीत सात वर्षांचे आयुष्य सांगायचे आणि चौथ्या वर्षी अपडेटनेच ते कमी करायचे, तर तो दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीचाही विषय होतो. प्राधिकरणाला त्याबाबत स्वतंत्र अधिकार आहेत.

युरोपीय संघाने याबाबत वाद ठेवलेला नाही. २० जून २०२५ पासून तिथे विकल्या जाणाऱ्या फोनना, त्या मॉडेलची विक्री थांबल्यानंतर किमान पाच वर्षे अपडेट देणे बंधनकारक आहे. आणि मालकाच्या स्पष्ट संमतीविना अपडेटने फोनची जाहीर केलेली कामगिरी खालावता कामा नये, असेही तो नियम सांगतो. तेच फोन, त्याच कंपन्या. भारतात मात्र हे बंधन नाही. आपल्याकडे दुरुस्ती-सुलभता निर्देशांकाचा जो आराखडा मे २०२५ मध्ये सरकारच्या समितीने सादर केला, त्यात सॉफ्टवेअर अपडेट हा एक निकष आहे. पण अपडेट किती वर्षे मिळेल एवढेच त्यात मोजले गेले, तर अर्धेच काम होईल. मिळालेल्या अपडेटने फोनचे काय केले, हेही मोजायला हवे. परतीचा रस्ता निदान महिनाभर खुला ठेवण्याची सक्ती केली, तर पुष्कळशा तक्रारी आयोगापर्यंत जाणारच नाहीत.

तूर्त ग्राहकाच्या हाती काय आहे, ते पाहू. मोठे अपडेट टाकण्यापूर्वी बॅटरीच्या पानाचे, आवृत्तीच्या क्रमांकाचे आणि नेहमीच्या एका दिवसाच्या वापराचे पडद्यावरील चित्र जपून ठेवावे. अपडेटनंतर दोन-तीन दिवस सोडून, त्याच प्रवासाच्या दिवशी, पुन्हा तेच करावे. फरक उघड असेल तर सिमकार्ड दुसऱ्या फोनमध्ये घालून त्याच जागी पाहावे. तिथे सिग्नल नीट असेल, तर पुरवठादाराकडे बोट दाखवण्याची सोय कंपनीला उरत नाही. मग कंपनीकडे लेखी तक्रार करून तिचा क्रमांक घ्यावा आणि १९१५ या हेल्पलाइनवर तो नोंदवावा. जानेवारीतील नोटीस निघाली ती अशाच नोंदींच्या बळावर. तेवढ्याने भागले नाही, तर २०१९ च्या कायद्याने ग्राहकाला स्वतःच्या राहत्या जिल्ह्यातील आयोगाकडे जाण्याची मुभा दिली आहे. कंपनीचे कार्यालय बंगळुरूत असले तरी त्यासाठी बोळिंज सोडावे लागत नाही. पाच लाखांपर्यंतच्या वस्तूसाठी शुल्क नाही, १ जानेवारी २०२५ पासून ई-जागृती या संकेतस्थळावरून अर्ज करता येतो आणि त्यासाठी दोन वर्षांची मुदत असते.