गाडी खाली, गतिरोधक वर

आज राजकारण नाही. पण विषय सार्वजनिकच आहे, शेवटपर्यंत वाचा.

माझ्या भाच्याला दोन दारांची स्पोर्ट्स कूपे हवी होती. ती काही खिशाला झेपली नाही, म्हणून सेकंडहँड पोलो घेतली, आपल्या चाकणला बनलेली. "मामा, कंपनीच्या उंचीत गाडी लईच उभी दिसते," म्हणाला आणि एका गॅरेजमध्ये चारही स्प्रिंगांचे वेढे ग्राइंडरने कापून आला. खर्च काय, मजुरीपुरता.

पंधरा दिवसांनी मंचरहून पारगावला येताना रात्री एका गतिरोधकावर इंजिनचा चेंबर फुटला. सगळं ऑइल रस्त्यावर. गाडीत माझी ताई. दोन्ही बाजूला ऊस, आणि आपल्याकडे उसात काय बसलेलं असतं ते मी सांगायला नको. मी पोचेपर्यंत मायलेक काचा लावून गप्प बसून होते.

भाच्याला झापलंच. कापलेली स्प्रिंग म्हणजे जुगार आहे. वेढे कमी झाले की ती कडक होते, शिवाय कापलेलं टोक बैठकीत नीट बसत नाही. खड्ड्यात चाक लोंबकळलं की स्प्रिंग जागेवरून सरकू शकते. शॉकॲब्सॉर्बर मात्र जुन्याच मापाचा. तो सतत दाबलेला राहतो, लवकर गळायला लागतो. अलाइनमेंट बिघडते, टायर आतून झिजतात. गाडी खाली आणल्याने वळणावर झुकत कमी, हे खरं. पण त्यासाठी मुद्दाम बनवलेल्या स्प्रिंगा असतात. त्या दोन-तीन सेंटिमीटरच खाली आणतात आणि त्यांना जुळणारे शॉकॲब्सॉर्बर लागतात. त्या घ्यायच्या तरी आधी आरटीओत विचारा. 2019 च्या दुरुस्तीनंतर गाडीत नियमबाह्य बदल केला तर मालकाला प्रत्येक बदलामागे 5000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं.

इथपर्यंत चूक पोराची. पण दुसऱ्या दिवशी मी टेप घेऊन त्या गतिरोधकाकडे गेलो. उंची 16 सेंटिमीटर, रुंदी जेमतेम दोन फूट. पांढरे पट्टे नाहीत, फलक नाही.

इंडियन रोड्स काँग्रेसचा नेहमीचा गोलाकार गतिरोधक मध्यभागी 10 सेंटिमीटर उंच आणि 3.7 मीटर रुंद असतो. ही रुंदी उगाच नाही. पोलोच्या पुढच्या-मागच्या चाकांत अडीच मीटरही अंतर नाही. म्हणजे अख्खी गाडी त्या उंचवट्यावर चढते आणि पोटाखाली फुगवटा येतो फक्त चार-पाच सेंटिमीटर. आमचा दोन फुटी मात्र पूर्ण 16 सेंटिमीटर थेट पोटात घुसतो. आणि पोलोची जमिनीपासून उंची मुळातच 16-17 सेंटिमीटर, तीही रिकामी असताना. चार माणसं बसली की स्प्रिंग न कापताही घासणारच!

म्हणजे गाडीही नियमबाह्य आणि गतिरोधकही नियमबाह्य. गाडीच्या मालकाचं नाव नंबरप्लेटवरून निघतं. गतिरोधकाच्या मालकाचं नाव कुठून काढायचं? त्याच दोन फुटी ढिगाऱ्यावरून गरोदर बाई दवाखान्यात जाते, रुग्णवाहिका जाते, कारखान्याच्या हंगामात उसाच्या ट्रॉल्या जातात. त्यांनी कुठल्या स्प्रिंगा कापल्यात?

गतिरोधक नकोत असं मी म्हणत नाही. शाळेसमोर हवेतच. अपघात झाला की गावकरी संतापून रात्रीत मुरूम-डांबर टाकतात, त्यांची भीतीही खोटी नाही. पण मापात करा ना.

भाच्याने कंपनीच्या स्प्रिंगा परत बसवल्यात. त्याची चूक त्याने निस्तरली. आता आपली पाळी. आपल्या गावातला गतिरोधक टेपने मोजा, फोटो काढा, कमेंटमध्ये टाका. रस्ता गावचा असेल तर ग्रामपंचायत, जिल्हा परिषदेचा असेल तर तिथे, मोठा असेल तर बांधकाम विभाग. सगळी मापं एकत्र करून अर्ज मी स्वतः घेऊन जातो.