चिठ्ठी न ठेवणाऱ्यांचे काय?

१९४९ साली लॉस एंजेलिसच्या कॉरोनर कचेरीत मानसशास्त्रज्ञ एडविन श्नाइडमन यांच्या हाती आत्महत्या केलेल्यांच्या चिठ्ठ्यांचा मोठा साठा लागला. नॉर्मन फार्बरो यांच्यासह त्यांनी ३३ खऱ्या चिठ्ठ्या आणि इतरांकडून मुद्दाम लिहवून घेतलेल्या ३३ चिठ्ठ्या ताडून पाहिल्या. खऱ्यांत घरच्यांसाठी बारीकसारीक सूचना जास्त निघाल्या. पुढे १९७३ मध्ये श्नाइडमन यांनीच लिहिले, की या मजकुरातून अपेक्षेइतके हाती लागत नाही.

नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापुरात तर तो मजकूरच दुर्मीळ. घरात मावची, शाळेत मराठी, बाजारात गुजरातीही. २०११च्या जनगणनेत नंदुरबारची साक्षरता जेमतेम ६४ टक्के, राज्यात सर्वांत कमी. आश्रमशाळेतला एखादा मुलगा लिहितो तेही बहुधा वहीतल्या मराठीत. त्या दोन ओळींवरून त्याच्या मनाचा ठाव घेणे धाडसाचेच. शिवाय चिठ्ठी सापडली की पंचनाम्यात जप्त होते आणि हस्ताक्षर तपासणीला जाते. तीत कोणाचे नाव आहे, एवढ्यावरच सगळ्यांचा डोळा! न लिहिणाऱ्यांविषयी कळायचे तर घरच्यांशी, त्यांच्या बोलीत, सवडीने बोलावे लागते.

आम्हाला अधिक रस आहे तो आपण पाठवायच्या पत्रांत. सॅन फ्रान्सिस्कोत मानसोपचारतज्ज्ञ जेरोम मोटो यांनी पुढील उपचार नाकारणाऱ्या ८४३ रुग्णांपैकी साधारण निम्म्यांना पाच वर्षे छोटी पत्रे पाठवली. सल्ला नाही, तगादा नाही, नुसती विचारपूस. पहिली दोन वर्षे या गटात आत्महत्या लक्षणीय कमी झाल्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या पाच देशांतल्या अभ्यासात चेन्नईही होते. या अभ्यासात पत्रांऐवजी फोन आणि भेटी होत्या. दीड वर्षात आत्महत्येने मृत्यू ०.२ टक्के, एरवीच्या उपचारांत २.२.

आपल्याकडे मात्र प्रयत्नातून वाचलेल्याच्या डिस्चार्ज कार्डावर गोळ्या लिहिलेल्या असतात, पुढचा फोन कोण करणार ते नसते. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक जरूर द्यावा. पण तिथे फोन त्याने करायचा आहे. ऊसतोडीला गुजरातेत गेलेल्याला पत्र पोचणार नाही, मावचीतला आवाजी निरोप पोचेल. त्यासाठी रुग्णाच्या संमतीने भावाचा किंवा बहिणीचा नंबर घ्यावा, मुकादमाचा कदापि नाही.

बोलीभाषेतून असे निरोप पाठवणाऱ्या वाचकांनी त्यांचा मजकूर आणि वेळापत्रक, रुग्णाची ओळख वगळून, आमच्याकडे धाडावे. पुढच्या अंकात जागा राखून ठेवली आहे.