बीपीची गोळी चालू, भजन बंद?

"डॉक्टर, आईला झोप लागत नाही, जेवण जात नाही. सगळे रिपोर्ट नॉर्मल आहेत. काहीतरी टॉनिक द्या."

पंचाहत्तरीच्या आजींना घेऊन मुलगा आला होता. खरोखरच रिपोर्ट चांगले होते. मी आजींना विचारलं, "दिवसभर काय करता?"

"काही नाही. पूर्वी दर गुरुवारी भजन असायचं. वाडा पाडला, तेव्हापासून बंद."

मुलगा हसून म्हणाला, "अहो, तो नुसता टाइमपास होता."

आजचा लेख या एका शब्दावर आहे. आई-वडिलांची साखर आपण दर तीन महिन्यांनी तपासतो, घरात बीपीचं मशीन ठेवतो, गुडघ्याच्या ऑपरेशनला लाखो रुपये मोजतो. पण ज्या एका तासासाठी आई आठवडाभर वाट बघत होती, तो बंद पडला तर कोणाच्या लक्षातही येत नाही. आम्ही डॉक्टरही विचारत नाही, हा आमचाही दोष आहे.

गाताना शरीरात काय होतं?

गाण्याची एक ओळ पूर्ण म्हणायची तर झटकन श्वास घेऊन तो सावकाश सोडावा लागतो. त्यात श्वासपटल, बरगड्यांमधले आणि पोटाचे स्नायू कामाला लागतात. लांबवलेल्या उच्छ्वासाने नाडी थोडी संथ होते. वयानुसार स्वरतंतू पातळ होतात, आवाज कापरा आणि बारीक होतो. दिवसभर कोणाशी बोलणंच नसेल तर तो आणखी दबतो.

मेंदूचं काम वेगळंच. पुढचा चरण आठवायचा, टाळ चुकू द्यायचा नाही, शेजारणीचा सूर ऐकून आपला जुळवायचा, हे सगळं एकाच वेळी. स्वीडनमधल्या संशोधकांनी २०१३ मध्ये दाखवलं, की एकत्र गाणाऱ्यांच्या हृदयाचे ठोके श्वासाबरोबर एकाच लयीत कमी-जास्त होतात.

पुरावा किती?

इंग्लंडच्या ईस्ट केंट भागात साठीपुढच्या २५८ जणांवर अभ्यास झाला. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट पाडले. एक गट १४ आठवडे एकत्र गायला, दुसऱ्याचं नेहमीचं जगणं चालू राहिलं. तीन महिन्यांनी गाणाऱ्यांमध्ये चिंता आणि नैराश्य कमी आढळलं. सहा महिन्यांनीही त्यांचं मानसिक स्वास्थ्य दुसऱ्या गटापेक्षा चांगलं होतं. सॅन फ्रान्सिस्कोत १२ ज्येष्ठ नागरिक केंद्रांतल्या ३९० जणांचा असाच अभ्यास झाला. सहा महिन्यांत गाणाऱ्यांचा एकटेपणा कमी झाला आणि जगण्यातला रस वाढला. मात्र स्मरणशक्तीत किंवा शारीरिक क्षमतेत फरक पडला नाही.

हे शेवटचं वाक्य मी मुद्दाम लिहितोय. "अमुक राग ऐका, बीपी उतरेल, तमुक रागाने डायबेटिस जाईल" असे मेसेज तुम्हालाही येत असतील. ते डिलीट करा. गाण्याने डिमेन्शिया बरा होत नाही. गाणं सुरू केलं म्हणून एकही गोळी बंद करायची नाही. पण एकटेपणा कमी होणं हा काय छोटा फायदा आहे? त्यावर माझ्याकडे गोळी नाही.

घरी मोबाईलवर गाणी लावून चालणार नाही का?

लावा की. पण मोबाईल तुमची वाट बघत नाही. भजनाला एक दिवस गेलं नाही, तर संध्याकाळपर्यंत कोणीतरी "बरं आहे ना?" म्हणून विचारतं. एखाद्या अभंगाची चाल फक्त आजींनाच येते, म्हणून त्यांच्यावाचून अडतं. सत्तरीनंतर आपल्यावाचून कोणाचं तरी अडणं, ही फार मोठी गोष्ट आहे. शिवाय इथे परीक्षा नसते. ज्यांना गाता येत नाही त्यांनी मागून म्हणायचं, तेही जमत नसेल तर टाळ वाजवायचा. "मला गाता येत नाही" म्हणून घरी बसणाऱ्या निवृत्त काकांनी हे विशेष वाचावं. आणि भजनच हवं असं नाही. नाट्यगीतं, भावगीतं, जुनी हिंदी गाणी, काहीही चालेल.

मग अडतंय कुठे?

जागेवर. आमच्या नारायण पेठेचंच घ्या. टिळकांचा केसरीवाडा याच पेठेत. गणेशोत्सवात मेळे एकत्र पदं म्हणत आणि त्या गाण्यांवर ब्रिटिश सरकारचा डोळा असे, इतकी त्यात ताकद होती. १२ जुलै १९६१ च्या पानशेतच्या पुराने नदीकाठच्या या भागातले कितीतरी वाडे पाडले. उरलेले आता पुनर्विकासात जात आहेत. पडके जिने आणि सामाईक संडास गेले, ते बरंच झालं. पण त्यांच्याबरोबर चौक आणि ओसरीही गेली. नव्या इमारतीत लिफ्ट आहे, दुमजली पार्किंग आहे, पण दहा म्हाताऱ्या माणसांनी सतरंजी टाकून बसावं अशी जागा नाही. गच्चीला कुलूप. पार्किंगमध्ये बसलं तर गाड्या येतात. आणि कोणीतरी तक्रार करतंच, "आवाज होतो."

विसर्जनाच्या दिवशी खिडकीच्या काचा हलवणारा डीजे आपण निमूट सहन करतो. मग आठवड्यातून एक तास, संध्याकाळी पाच ते सहा, माईक न लावता वाजणारे टाळ आपल्याला का सहन होऊ नयेत? परीक्षेचे दिवस असतील, कोणी आजारी असेल तर वेळ बदलून घ्या. बंद पाडू नका.

एवढी काळजी घ्या

• दमा, सीओपीडी किंवा हृदयविकार असेल तर बसून, सावकाश गा. धाप लागली की थांबा.
• आवाज तीन आठवड्यांपेक्षा जास्त बसलेला असेल तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा.
• मोठ्याने गाताना लघवी सुटते म्हणून अनेक स्त्रिया भजन सोडतात आणि कोणाला सांगत नाहीत. यावर व्यायाम आणि उपचार आहेत. लाजू नका, डॉक्टरांना सांगा.
• ऐकू कमी येत असेल तर आधी श्रवणतपासणी करा.
• नुकतंच ऑपरेशन झालं असेल तर डॉक्टरांना विचारूनच सुरुवात करा.

त्या आजींच्या कागदावर मी लिहिलं, "दर गुरुवारी भजन, एक तास." मुलाने कागद वाचला. या वेळी तो हसला नाही. "लिहिलंत खरं, पण डॉक्टर, कुठे?"

याचं उत्तर माझ्या दवाखान्यात नाही, तुमच्या सोसायटीच्या पुढच्या सभेत आहे. तुमच्या इमारतीचा पुनर्विकास होणार असेल तर नकाशावर सही करण्याआधी तळमजल्यावर एक खोली मागून घ्या. इमारत आधीच उभी असेल तर निदान गच्चीची किल्ली गुरुवारी तासभर आजींच्या हातात द्या, लिफ्ट तिथपर्यंत जाते ना एवढं पाहा. आणि आज घरी गेल्यावर आईला विचारा, तुझं भजन कधीपासून बंद आहे?