रंगीत ठिपके म्हणजे पुरावा नव्हे
#थ्रेड

१/ कोणी असईच्या लढाईचे 'मूळ छायाचित्र' पाठवले, तर ते खोटे ठरवण्यास यंत्र लागत नाही. आजच्या जालना जिल्ह्यातील असईजवळ शिंदे-भोसल्यांच्या फौजा आर्थर वेलस्लीशी भिडल्या त्या २३ सप्टेंबर १८०३ रोजी. छायाचित्रणाची कला जगासमोर आली १८३९ मध्ये. सनावळी पुरेशी आहे.

२/ खरी कसोटी लागते ती त्या लढाईविषयीच्या एखाद्या मोडी पत्राचा फोटो फिरू लागला की. समजा, त्यातील एक नाव दुसऱ्या कागदाच्या फोटोतून उचलून चिकटवले आहे. लगेच कोणी तो अ‍ॅपमध्ये घालतो, रंगीत ठिपके दाखवतो आणि निकाल देतो : 'बनावट!' माझा आक्षेप या घाईवर आहे.

३/ मूळ शास्त्र भक्कम आहे. जेपेग पद्धत चित्राचे ८ × ८ पिक्सेलचे चौकोन पाडते आणि प्रत्येकातील बारकाव्यांची आकडेवारी ठोकळमानाने साठवते. बाहेरचा तुकडा आपल्या जुन्या चौकोनांची जाळी घेऊन येतो. आकार न बदलता तो कुठेही चिकटवला, तर दोन्ही जाळ्या तंतोतंत जुळण्याची शक्यता ६४ पैकी १. न जुळलेली जाळी हीच लबाडीची खूण.

४/ पण ही खूण नाजूक असते. व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरताना फोटो सहसा लहान होतो, पुन्हा संकुचित होतो आणि खूण पुसट होते. म्हणून 'काही आढळले नाही' याचा अर्थ 'अस्सल आहे' असा नव्हे.

५/ उलट, ठिपके दाखवणारी पद्धत चित्र पुन्हा जतन करून पडलेला फरक मोजते. ठसठशीत कडांपाशी तो फरक मुळातच अधिक असतो. फिकट कागदावरील काळ्या शाईचे प्रत्येक अक्षर उजळणारच! अशा न्यायाने अस्सल पत्रही आरोपी ठरते.

६/ शिवाय, खोट्या कागदाचा सरळ काढलेला फोटो या परीक्षेत सहज उत्तीर्ण होईल. तेथे कागद, शाई, अक्षराचे वळण, मायना आणि तिथीच बोलतील.

७/ राजवाड्यांनी गावोगावची दप्तरे धुंडाळून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चे २२ खंड सिद्ध केले. आपण निदान मूळ फाइल तरी मागावी. पत्र कोणत्या दप्तरातले, कोणत्या रुमालातले, फोटो कोणी घेतला, हे विचारावे. उत्तर मिळेपर्यंत ते 'अस्सल' म्हणूनही पुढे पाठवू नये आणि 'बनावट' म्हणूनही नाही.